तापाच्या पेशंटनं डॉक्टरला म्हशीचंही सांगावं

आमच्या तात्यांना मागं तीन महिने ताप होता. सलग असता तर एक वेळ बरं झालं असतं, कोणीतरी मनावर घेतलं असतं. पण हा ताप कसा, तर संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंग मोडून यायचं, रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम, आणि सकाळी माणूस उठून चहा पिऊन मळ्यात हजर. चार दिवस काहीच नाही, आठ दिवस काहीच नाही, सगळ्यांना वाटायचं गेला एकदाचा, की परत चालू.

दिंडोरी तालुक्यातलं आमचं गाव. द्राक्षबाग, थोडे टोमॅटो, दोन म्हशी, एक गाय. गावातल्या डॉक्टरनं विडाल टेस्ट केली, टायफॉईड निघाला म्हणाले, सलाईन लावलं, पाच दिवसांच्या गोळ्या. ताप गेला, परत आला. दुसऱ्या दवाखान्यात मलेरियाचं बघितलं, डेंग्यूचं बघितलं, काही नाही. तोवर तात्यांची कंबर धरली, उठताना भिंतीला हात लावायला लागले. मग नाशिकला नेलं, तिथं मणक्याचा फोटो काढला आणि टीबीची शंका आली. घरात रडारड. शेवटी तिथल्याच एका वयस्कर डॉक्टरांनी फाईल मिटवून साधं विचारलं, घरी जनावरं आहेत का? आहेत. एवढ्यात कोणी गाभडलं का, म्हणजे गाभ पडला का?

तात्या गप्प. काकू दाराजवळ पिशवी धरून उभी होती, ती म्हणाली, "हो की, म्हशीनं टाकलं ना ऑक्टोबर छाटणीच्या टायमाला. सातवा महिना होता. वार पण पडत नव्हती, ह्यांनीच हात घालून काढली." (वार म्हणजे पोटातल्या पिल्लाला पोसणारी, विल्यावर बाहेर पडणारी पिशवी.)

तिथं सगळा उलगडा झाला. तोपर्यंत आमच्या घरात ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, एक म्हशीची आणि एक तात्यांची. म्हशीचं गुरांच्या डॉक्टरला सांगितलं होतं, तात्यांचं माणसांच्या डॉक्टरला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कोणी सांगितल्याच नव्हत्या, आणि आम्हाला तरी कुठं सुचलं होतं. तेव्हापासून मी ह्या विषयावर मिळेल ते वाचतोय आणि दिसेल त्याला पिडतोय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. मी डॉक्टर नाही, पण जे आता कळलंय ते तेव्हा कळलं असतं तर तीन महिने आणि बरेच पैसे वाचले असते.

तात्यांना झाला होता ब्रुसेलोसिस. नाव अवघड आहे पण रोग जुनाच आहे. १८८७ साली डेव्हिड ब्रूस नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं माल्टा बेटावर तापानं मेलेल्या सैनिकांच्या पांथरीतून (प्लीहेतून) हा जंतू शोधला, म्हणून जंतूचं नाव ब्रुसेला. पण तो सैनिकांत येतो कुठून हे पुढची जवळजवळ वीस वर्षं कळत नव्हतं. १९०५ मध्ये झॅमिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं तर जंतू शेळ्यांत, धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत, आणि त्यांच्या दुधात. सैनिकांचं शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि ताप झपाट्यानं कमी झाला. म्हणजे तिथंही घोळ हाच, सगळे माणसं तपासत बसले आणि शेळी दारात बांधलेली.

आता हा जंतू करतो काय ते समजून घेऊ, कारण एकदा हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. गायी-म्हशीच्या, शेळी-मेंढीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक प्रकारची साखर असते, ती ह्या जंतूला भयंकर आवडते. त्यामुळं जनावर गाभण राहिलं की जंतू गर्भाशयात गोळा होतात, वारेत वाढतात, वार खराब होते, आणि साधारण पाचव्या महिन्यानंतर जनावर गाभ टाकतं. मग वार अडकते. त्या टाकलेल्या गर्भात, वारेत आणि वाहणाऱ्या पाण्यात जंतू अक्षरशः कोट्यवधींनी असतात. नेमकं त्याच वेळी आपण काय करतो? बाह्या वर करतो आणि कोपरापर्यंत हात घालतो.

तात्यांचे हात तेव्हा कसे होते ते मला आठवतंय. छाटणीचे दिवस, दिवसभर कात्री, अंगठ्याच्या खाली फोड येऊन फुटलेला आणि बोटांना चिरा. त्या हातानं त्यांनी अर्धा तास वार ओढली, मग बादलीत हात धुतले, साबण नाही, आणि तसेच तंबाखू मळायला बसले. जंतूला शिरायला अजून काय पाहिजे. चिरेतून जातो, डोळ्यात शिंतोडा उडाला तरी जातो, श्वासातून जातो, तोंडातून तर जातोच.

पुढची गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) एकदा गाभडलेली म्हैस पुढच्या वेताला बऱ्याचदा नीट विते. मालकाला वाटतं बरी झाली. पण ती बरी झालेली नसते, जंतू तिच्या कासेत आणि गाठींमध्ये मुक्कामाला असतो, दुधातून आणि विण्याच्या वेळी बाहेर पडत राहतो. जनावर खातंय, दूध देतंय, चकाकतंय, कोण म्हणेल आजारी आहे. बऱ्याच देशांनी टेस्ट करून लागण झालेली जनावरं कापून हा रोग आटोक्यात आणला. आपल्याकडं ते होणार नाही, तो वेगळा विषय आहे, पण मग शेतकरी करतो काय, तर गाभडणारं जनावर आठवडे बाजारात नेऊन विकतो आणि रोग एका दावणीवरून दुसऱ्या दावणीवर जातो. आम्हीही तेच केलं होतं, त्यावर येतो नंतर.

माणसात हा जंतू आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन लपतो. ज्या पेशींनी त्याला मारायचं त्यांच्याच घरात भाड्यानं राहतो म्हणा ना. म्हणून ताप येतो-जातो, म्हणून साध्या पाच दिवसांच्या औषधानं तो फक्त दबतो, आणि म्हणून औषध दीड महिना घ्यावं लागतं, तेही एक नाही, दोन अँटिबायोटिक जोडीनं. बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लीन आणि तिच्या जोडीला रिफॅम्पिसिन किंवा इंजेक्शन. लागण झाल्यापासून ताप यायला एक ते चार आठवडे लागतात, कधी काही महिनेही, त्यामुळं तोपर्यंत म्हशीचं लोक विसरून गेलेले असतात. लक्षणं म्हणजे संध्याकाळचा ताप, घाम, सांधे आणि कंबर दुखणं, भूक नाही, वजन कमी, आणि पुरुषांत कधी कधी वृषण सुजतात, जे लाजेनं कोणी सांगतच नाही. हे सगळं टीबीसारखं, टायफॉईडसारखं, संधिवातासारखं दिसतं. नेहमीच्या रक्त तपासणीत ते पकडलं जात नाही, त्याची वेगळी टेस्ट असते, आणि ती डॉक्टरच्या डोक्यात आली तरच होते. डोक्यात कधी येणार? आपण गोठ्याचं सांगितलं तर. आणि रक्ताचं कल्चर करायचं असेल तर लॅबवाल्यांनाही ही शंका आधी सांगायची असते, कारण हा जंतू लॅबमध्ये काम करणाऱ्यांनाच सहज लागतो.

तात्यांनी काय केलं सांगू? तीन आठवड्यांत ताप गेला, कंबर मोकळी झाली, गोळ्यांनी तोंड कडू पडतं म्हणून बंद केल्या, कोणाला न सांगता. दोन महिन्यांनी सगळं परत. मग पहिल्यापासून दीड महिना, ह्या वेळी काकू गोळी तोंडात टाकेपर्यंत समोर उभी राहायची.

लोक विचारतात, मग दूध प्यायचं का नाही? अहो प्या की. उकळून प्या. दूध उकळलं की ब्रुसेला मरतो, डेअरीत पाश्चराईज करतात म्हणजे ७२ डिग्रीला १५ सेकंद तापवतात तेवढ्यातही मरतो. आपल्या घरांत दूध आल्या आल्या गॅसवर ठेवायची सवय आहे, ह्या एका सवयीनं किती जण वाचलेत ते मोजता यायचं नाही. खरवससुद्धा वाफवलेला असतो, तो खा. अडचण आहे ती धारोष्ण दुधाची. तालमीतल्या पोरांना, बारक्या नातवाला, कासेखाली पेला धरून कोमट दूध प्यायला द्यायचं, त्यात ताकद असते म्हणे. मला माहितीये ह्यावर म्हातारी माणसं चिडतात, आमच्या आजोबांनी जन्मभर प्यायलं वगैरे. प्यायले असतील, त्यांचे गुडघे का धरले होते ते कोणी तपासलं नव्हतं एवढंच. कच्च्या दुधातून फक्त हाच नाही, जनावरांचा टीबीसुद्धा माणसात येतो.

पण शेतकऱ्याच्या घरात दुधापेक्षा मोठी वाट हातांची आहे हे माझं मत आहे. आणि ते हात बऱ्याचदा बायकांचे असतात. गोठा झाडणं, शेण काढणं, विताना रात्रभर बसणं, पडलेली वार उचलून टाकणं, हे कोण करतं? कंबर दुखते म्हणून वर्षानुवर्षं बाम चोळणाऱ्या आपल्या गावातल्या किती बायकांची एकदा तरी टेस्ट झाली असेल? घरात गरोदर बाई असेल तर तिला विणाऱ्या किंवा गाभडलेल्या जनावराजवळ अजिबात पाठवू नका, ह्या जंतूनं माणसातही गर्भपात होऊ शकतो.

मग करायचं काय, तर फार काही नाही. गुरांच्या डॉक्टरांकडे कोपराच्या वर जाणारे प्लॅस्टिकचे लांब ग्लोव्हज असतात, कृत्रिम रेतनाला वापरतात तेच, ते चार-पाच आणून गोठ्यात खुंटीला लावून ठेवायचे. वार अडकली तर स्वतः ओढायची नाही, १९६२ नंबरला फोन करायचा किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरला. पडलेली वार आणि टाकलेलं पोर हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, उकिरड्यावर किंवा ओढ्यात नाही, कारण कुत्री ते ओढत दुसऱ्याच्या मळ्यात नेतात. काही ठिकाणी वार गोणीत बांधून वडासारख्या चिकाच्या झाडाला टांगतात, झाडाच्या चिकासारखं दूध वाढावं म्हणून. भावना समजते, पण खाली ठिबकत असतं ते काय आहे ते आता तुम्हाला माहितीये. गाभडलेलं जनावर बाकीच्यांपासून बाजूला बांधायचं, जागा जंतुनाशकानं धुवायची आणि त्या जनावराच्या रक्ताची तपासणी करून घ्यायची.

आणि लस. माणसासाठी ब्रुसेलाची लस नाही, पण कालवडींसाठी आणि पारड्यांसाठी आहे, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच, फक्त माद्यांना. २०१९ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात लाळ्या-खुरकूताबरोबर हीपण फुकट देतात. अडचण एवढीच की ते वय पटकन निघून जातं, आपण म्हणतो पुढच्या कॅम्पला बघू आणि तोवर कालवड वर्षाची होते. गाभण जनावराला ही लस देत नाहीत. ती जिवंत जंतूंची लस असते, त्यामुळं टोचताना सुई चुकून आपल्याच हातात गेली तर हसण्यावारी न्यायचं नाही, सरळ दवाखाना. कालवड धरायला उभं राहणाऱ्यानंही हे लक्षात ठेवावं.

एक सांगायचं राहिलं, ब्रुसेलोसिस माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. तात्यांचं ताट-तांब्या वेगळा काढायला निघालेल्या नातेवाइकांना आम्ही तेव्हाच थांबवलं.

हे झालं आमच्या घरचं. पण नाशिक जिल्हा म्हणजे एक तालुका एक तऱ्हा. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा इकडं भात. आवणीच्या, म्हणजे भात लावणीच्या दिवसांत बायामाणसं आठ-आठ तास गुडघाभर चिखलात, पायाची कातडी भिजून पांढरी पडलेली, बोटांच्या बेचक्यात चिखल्या. त्याच बांधात उंदरांची बिळं. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरा नावाचा स्क्रूसारखा पिळदार जंतू पाण्यात उतरतो, ओल्या मातीत बरेच दिवस जगतो आणि भेगांतून आत शिरतो. लेप्टो म्हटलं की लोकांना मुंबईचा २००५ चा पूर आठवतो, शहरात तुंबलेल्या पाण्याचा रोग वाटतो, पण मुळात हा शेताचा रोग आहे. निफाडकडं ऊसतोडीला, कुठंही गोठ्याच्या ओलीत, कांद्याच्या चाळीत उंदीर झाले असतील तिथं, सगळीकडं होऊ शकतो. गायी-म्हशींनाही होतो, त्याही गाभडतात, कधी लाल लघवी करतात.

ह्याची खूण म्हणजे एकदम थंडी वाजून ताप, डोकं फुटायची वेळ, डोळे लाल पण चिपडं नाहीत, आणि पोटऱ्या. पोटऱ्या अशा दुखतात की नुसता हात लावला तरी माणूस पाय ओढून घेतो. आवणीत पोटऱ्या सगळ्यांच्याच दुखतात, म्हणून लोक दुर्लक्ष करतात, आणि आठवड्यानं डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली की कावीळ उतरवणाऱ्याकडं जातात. तिथंच माणूस हातचा जातो. कारण पहिल्या दोन-चार दिवसांत साध्या अँटिबायोटिकनं बरा होणारा हा आजार आठवड्यानं किडनी आणि फुफ्फुसावर गेलेला असतो. सुरुवातीला टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते हेपण लक्षात ठेवा, रक्तात खुणा दिसायला पाच-सात दिवस लागतात. म्हणून अशा वेळी डॉक्टरला "ताप आहे" एवढंच न सांगता "मी आठ दिवस आवणीत होतो" हे सांगायचं, चांगला डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतो.

पाऊस ओसरला, गवत कमरेएवढं झालं की तिसरा पाहुणा, स्क्रब टायफस. २०१८ मध्ये नागपूरकडं बराच गाजला होता. गवतातल्या अगदी बारीक, डोळ्याला न दिसणाऱ्या किड्याची पिल्लं चावतात, ही पिल्लं उंदरांवर जगतात. चावलेलं कळत नाही, पण बऱ्याच जणांना त्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते, न दुखणारी. काखेत, जांघेत, नाडीच्या खाली, म्हणजे जिथं माणूस स्वतः बघत नाही आणि डॉक्टरला दाखवत नाही अशा जागी. गवत कापून आल्यावर अंघोळ, कपडे धुवायला, आणि ताप आला तर घरच्या माणसाकडून ती खपली शोधून घ्यायची. ती सापडली तर अर्धं निदान तिथंच झालं.

(इथं कोणीतरी म्हणेल, ह्या तिन्ही तापांना डॉक्सिसायक्लीनच चालते तर मेडिकलमधून आणून ठेवू का. नको बाबांनो. एका रोगाला एक आठवडा, दुसऱ्याला दीड महिना जोडीनं, आणि त्यात कोणाला टीबी असेल तर अर्धवट रिफॅम्पिसिन खाऊन तो अजून बिघडायचा.)

रेबीजचं सगळ्यांना माहितीये असं सगळ्यांना वाटतं. कुत्रं चावलं की पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायचं, त्याच दिवशी लस, जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत सीरम, आणि पुढचे डोस तारखा न चुकवता. हळद-तिखट भरायचं नाही. हे ठीक. पण गोठ्यातला रेबीज वेगळाच फसवतो. पिसाळलेलं कुत्रं रात्री गायीला चावून गेलेलं असतं, कोणी बघितलेलं नसतं. महिना-दोन महिन्यांनी गाय खायची बंद होते, लाळ गाळते, घोगऱ्या आवाजात हंबरत राहते, पाणी गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं घशात काहीतरी अडकलं, कोयीबियी असेल. आणि घरातला सगळ्यात अनुभवी माणूस पुढं होतो, जबडा फाकवतो आणि घशात हात घालतो. दात लागतात, लाळ चिरांना लागते. नंतर गाय मरते, तिला विसरून जातात. रेबीज एकदा माणसात दिसायला लागला की जवळजवळ कोणी वाचत नाही, म्हणून लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालायचाच नाही, आणि घातला गेलाच असेल तर लगेच हात धुवून लस घ्यायची. उलट त्या गायीचं उकळलेलं दूध प्यायलेल्या गावानं घाबरून रांगा लावायची गरज नसते, उकळल्यावर तो विषाणू राहत नाही.

फाशी रोगाचं थोडक्यात. ज्याला काळपुळी म्हणतात, इंग्रजीत अँथ्रॅक्स. काल चरत होतं ते जनावर सकाळी मेलेलं, पोट फुगलेलं, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त. असं दिसलं की त्याला फाडायचं नाही, सोलायचं नाही, मटण वाटून तर अजिबात घ्यायचं नाही. कारण असं की बंद शरीरात कुजताना हा जंतू मरून जातो, पण कापलं आणि हवा लागली की तो बीजासारखं कवच करतो आणि ते बीज मातीत कित्येक वर्षं पडून राहतं. म्हणजे एका दिवसाच्या मटणापायी शेताचा तो तुकडा पुढच्या पिढीपर्यंत खराब. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, मग ते सांगतील तसं खोल पुरायचं, चुन्यासकट.

शेतात मेंढ्या बसवायला धनगरांचे वाडे येतात, त्यांच्याबरोबरची कुत्री आणि आपली कुत्री, दोघांनाही मेंढीची कच्ची आतडी-काळीज टाकायची पद्धत बंद झाली पाहिजे. त्यातून एक बारका पट्टकृमी कुत्र्यात वाढतो, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत, भाजीवर, पोरांच्या हातावर येतात, आणि माणसाच्या लिव्हरमध्ये पाण्यानं भरलेल्या गाठी होतात. वर्षानुवर्षं कळत नाही, पोट सोनोग्राफीत दिसतं तेव्हा गाठ मोसंबीएवढी झालेली असते.

आणि गोचीड. बैलाच्या कानामागची टम्म फुगलेली गोचीड काढून दोन नखांत चिरडायची, टच्च आवाज येतो, लहानपणी आम्ही पोरं हे हौसेनं करायचो. २०११ मध्ये शेजारच्या गुजरातेत क्रायमियन काँगो ताप म्हणून एक प्रकरण झालं, भारतात पहिल्यांदा, त्यात गोचिडीमधून लागण होते आणि दवाखान्यातले लोकही दगावले होते. आपल्याकडं तो रोज होतो असं नाही, घाबरवायचं नाहीये, पण चिरडण्यापेक्षा चिमट्यानं काढून रॉकेलच्या डबीत टाकायला काय जातं?

कोंबड्यांचं बोलायचं तर भारतातला पोल्ट्रीतला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच विभागात, नंदुरबारच्या नवापूरला निघाला होता. लाखो कोंबड्या मारल्या, माणसाला लागण झाली नाही. नीट शिजवलेलं चिकन-अंडी खायला काही हरकत नसते, शेडमध्ये एकदम मर लागली तर मेलेले पक्षी उघड्या हातानं उचलायचे नाहीत आणि नदीत फेकायचे नाहीत.

उलटंही सांगतो, नाहीतर लोक जनावराला हात लावायलाच घाबरतील. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा लोकांनी दूध बंद केलं होतं, तर लम्पी माणसाला होत नाही. लाळ्या-खुरकूतचंही भ्यायचं कारण नाही. वासराच्या अंगावरचं गोल गोल गजकर्ण मात्र पोरांना लागतं, ते त्रासदायक आहे पण जिवावरचं नाही.

आता आमच्या म्हशीचं. गाभडल्यावर महिनाभरानं, म्हणजे तात्यांचं निदान व्हायच्या खूप आधी, ती विकली होती. चांगली दिसत होती, भाव बरा मिळाला. निदान झाल्यावर बाकीच्या दोघींची तपासणी केली, गाय पॉझिटिव्ह निघाली. ती आता वेगळ्या कोपऱ्यात बांधतो, दूध उकळल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही, आणि ती विकायची नाही असं ठरलंय, तोटा होतो तर होतो.

औषधं संपली त्या आठवड्यात तात्यांनी स्वतःहून व्यापाऱ्याला फोन लावला. स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं. तात्या म्हणाले, ती काळी म्हैस, शिंगं मागं वळलेली, ती कोणाला दिली? तिच्यात रोग होता, त्या माणसाला सांगायचंय, हात घालू नको म्हणावं. तिकडून तो हसला. "तात्या, ती तेव्हाच धुळ्याकडं गेली, तिथून पुढं कुठं ते काय मला म्हाईत? आणि आता तर ती परत गाभण असंल."